बेवारशी नाणे आणि कष्टाची कमाई



धर्मांतराचा आणि हक्कांचा विचार करणाऱ्या या पाक्षिकात नाण्याची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उद्भवेल. त्याचे उत्तर आरंभीच देणे बरे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपणांस जो धम्म दिला, तो केवळ विहारात बसून वंदना म्हणण्याचा धम्म नव्हे. उपजीविका कोणत्या मार्गाने करावी, मिळविलेले धन कसे राखावे, खर्च कोठे थांबवावा, हे संसारी माणसाचे प्रश्नही त्या धम्माच्या कक्षेत येतात. आणि आज बौद्ध वस्त्यांतून, कचेऱ्यांतून, वसतिगृहांतून एक प्रश्न वारंवार विचारला जात आहे : क्रिप्टो नावाच्या आभासी नाण्यात पैसे घालावेत काय?

हा प्रश्न विचारणारे कोण आहेत, ते आधी ध्यानी घेतले पाहिजे. घरातला पहिलाच पगारदार झालेला तरुण हा प्रश्न विचारतो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेचे काय करावे, या विवंचनेत असलेला शिक्षक तो विचारतो. बचत गटात दरमहा ठरलेली रक्कम टाकणारी भगिनी तो विचारते. या सर्वांच्या पाठीशी वाडवडिलांनी राखलेली बागायत नाही, गावात वाडा नाही, अडचणीला हात देणारे धनवान सोयरे नाहीत. त्यांची बचत ही त्यांच्या घराण्यातील पहिलीच बचत होय. ज्याच्या घरी सात पिढ्यांचे धन साठलेले आहे, त्याने सट्ट्यात लाखभर रुपये घालविले तर त्याच्या दारी एक मोटार उशिरा येईल, एवढेच. आपल्या घरातून तेच लाख रुपये गेले तर मुलीचे शिक्षण थांबते आणि बाप पुन्हा सावकाराच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर श्रीमंतांच्या चर्चेवरून उसने घेता येणार नाही. ते आपले आपण शोधले पाहिजे.

या विषयावर लोकांत जी मते ऐकू येतात, ती मुख्यतः पाच आहेत. हे उद्याचे चलन आहे, असे एक मत. बाबासाहेबांच्या अर्थशास्त्राला ते धरून आहे, असे दुसरे. या नाण्याला जात ठाऊक नाही, म्हणून ते आपले आहे, असे तिसरे. सरकार त्यावर कर घेते, त्या अर्थी ते मान्यताप्राप्त आहे, असे चौथे. आणि अमक्याचे पैसे दुप्पट झाले, मग आपले का होऊ नयेत, असे पाचवे. कोणतेही मत केवळ पुष्कळ लोक बोलतात म्हणून स्वीकारू नये, हे तथागतांनी कालामांना सांगितले आहे. त्याच न्यायाने ही पाचही मते आपण तपासून पाहू.

हे नाणे आहे तरी काय?

२००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये त्यातील कल्पनेनुसार बिटकॉइन हे पहिले नाणे सुरू झाले. हे नाव धारण करणारी व्यक्ती कोण, हे आजतागायत जगापुढे सिद्ध झालेले नाही. या नाण्याला धातू नाही, कागद नाही. ते म्हणजे एका जगड्व्याळ खातेवहीतील नोंद होय. ही वही एका पेढीत ठेवलेली नसून हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. नवी नोंद करण्यासाठी संगणकांना अवघड गणिती खटाटोप करावा लागतो. जो संगणक तो आधी पुरा करतो, त्याच्या धन्याला नवी नाणी बक्षीस मिळतात. एकंदर बिटकॉइन २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत, असे बंधन त्या योजनेतच घातलेले आहे. बिटकॉइनच्या मागून हजारो तऱ्हेची नाणी निघाली. त्यांतील काही गंभीर प्रयोग आहेत. पुष्कळशी मात्र केवळ लोकांच्या खिशात हात घालण्यासाठी काढलेली आहेत. नाणे काढण्यास कोणाची परवानगी लागत नसल्यामुळे सज्जनाइतकीच लबाडालाही येथे वाट मोकळी आहे.

तुमच्या नाण्यावरील मालकी एका गुप्त किल्लीवर अवलंबून असते. ही किल्ली बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्दांच्या रूपाने लिहून ठेवावी लागते. ती हरवली की नाणे गेले. ती दुसऱ्याच्या हाती पडली तरीही नाणे गेले. ही एक गोष्ट नीट स्मरणात ठेवावी, कारण पुढील सारा विचार तिच्यावर आधारलेला आहे.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. भाजीवाल्याला आपण मोबाईलवरून जे पैसे देतो, ते क्रिप्टो नव्हे. ते आपल्या बँक खात्यातील रुपयेच होत. तसेच रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून सामान्य ग्राहकांसाठी प्रायोगिक रीतीने सुरू केलेला ई-रुपया हाही क्रिप्टो नव्हे. तो रिझर्व्ह बँकेच्या जबाबदारीवर निघालेला रुपयाच आहे. ‘सरकारचे डिजिटल नाणे’ असे सांगून कोणी भलतेच नाणे तुमच्या गळ्यात मारू लागला, तर हा भेद त्याच्यापुढे ठेवावा.

‘उद्याचे चलन’

चलन कशाला म्हणावे? ज्याने वाण्याचे देणे फेडता येते, ज्यात मजुरी ठरविता येते आणि ज्यात साठविलेली किंमत उद्यापर्यंत टिकते, त्याला. रिझर्व्ह बँक अधिनियम, १९३४ अन्वये निघालेली नोट देणे फेडण्यासाठी पुढे केली, तर ती वैध चलन नाही असे कोणास म्हणता येत नाही. बिटकॉइनला भारतात असा दर्जा नाही. शाळेची फी, घरभाडे, दवाखान्याचे बिल यांपैकी काहीही त्यात स्वीकारण्याचे बंधन कोणावर नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्व्हादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला होता. परंतु जानेवारी २०२५ मध्ये त्याच देशाने कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली.

या नाण्याचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. देशोदेशी पैसे धाडण्याच्या कामी ते काहींना सोयीचे वाटते. परंतु आपल्या भोवतालचे किती लोक त्याने तांदूळ विकत घेतात? ते घेतात आणि ठेवतात, उद्या कोणीतरी अधिक किमतीला घेईल या आशेवर. या व्यवहाराला मराठीत चलन म्हणत नाहीत, सट्टा म्हणतात. सट्टा करावा की न करावा हा पुढचा प्रश्न. परंतु सट्ट्याला बचत म्हणून स्वतःची फसवणूक तरी करू नये.

बाबासाहेबांच्या नावाचा आधार

आपल्या तरुणांपुढे आता एक नवाच युक्तिवाद मांडला जातो. बाबासाहेबांनी ‘रुपयाचा प्रश्न’ या १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात रुपयांच्या निर्मितीवर कायमची मर्यादा घालावी असे प्रतिपादन केले होते; बिटकॉइनवरही मर्यादा आहे; तेव्हा बिटकॉइन म्हणजे बाबासाहेबांचेच स्वप्न होय, असा तो युक्तिवाद. यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

बाबासाहेबांनी मर्यादा मागितली, हे खरे. परकीय सरकारने आपल्या लहरीप्रमाणे रुपये पाडावेत आणि त्याची झळ प्रजेने सोसावी, या व्यवस्थेवर त्यांनी कठोर टीका केली. राज्यकर्त्यांच्या शहाणपणावर विसंबून राहणारी चलनपद्धती त्यांना सुरक्षित वाटत नव्हती. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी चलनाच्या प्रश्नावर आपली स्वतंत्र भूमिका मांडली. परंतु मर्यादा हे त्यांचे साधन होते, साध्य नव्हे. साध्य होते रुपयाच्या क्रयशक्तीचे स्थैर्य. रुपयाची किंमत घसरली की बाजारात भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते. म्हणजे व्यापाऱ्याच्या लाभाची किंमत मजूर मोजतो. ज्याला आठवड्याची मजुरी आठवड्यात पुरवायची आहे, त्याच्या हातातील नाणे स्थिर असले पाहिजे, ही गरिबाच्या बाजूने पाहणारी त्यांची दृष्टी होती.

आता हीच कसोटी बिटकॉइनला लावा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनची किंमत सुमारे ६९,००० डॉलरपर्यंत चढली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती सुमारे १६,००० डॉलरवर कोसळली. डिसेंबर २०२४ मध्ये ती १,००,००० डॉलरच्या वर गेली. संख्या मर्यादित आहे, परंतु किमतीला कसलाच ठाव नाही. नोव्हेंबर २०२१ मधील त्या चढ्या भावाने ज्याने एक लाख रुपये घातले आणि वर्षभराने मुलाच्या प्रवेशासाठी काढले, त्याच्या हाती पाव हिश्शाच्या आसपासच रक्कम आली असेल. पुढे भाव चढला, हे खरे. परंतु प्रवेशाची तारीख भाव चढेपर्यंत थांबत नाही. धनवानाला थांबता येते, गरिबाला थांबता येत नाही, हाच या खेळातील मूळ अन्याय आहे. तेव्हा बाबासाहेबांचे नाव घेऊन हे नाणे विकणाऱ्याला एवढेच विचारा : बाबासाहेबांनी मागितलेले स्थैर्य यात कोठे आहे?

‘या नाण्याला जात नाही’

आता मी त्या मताकडे येतो, जे मला सर्वांत अधिक विचार करण्याजोगे वाटते. ते असे : बँकेत गेलो तर आडनाव पाहिले जाते, तारण मागितले जाते, साहेबाची ओळख लागते. क्रिप्टोत कोणी आडनाव विचारीत नाही. तेथे ब्राह्मणाचे नाणे आणि बौद्धाचे नाणे एकाच भावाने विकले जाते. मग हीच खरी समता नव्हे काय?

या मतामागची वेदना खरी आहे. ज्या समाजाला शतकानुशतके धनसंचयाचाच अधिकार नाकारला गेला, ज्याच्या अंगावरचे धड वस्त्रही गावाच्या डोळ्यांत खुपत असे, त्या समाजातील तरुणाला आडनाव न विचारणारा बाजार आकर्षक वाटला तर नवल नाही. परंतु जात न विचारणे आणि न्याय देणे या दोन गोष्टी एक नव्हेत. जुगाराच्या अड्ड्यावरही कोणी जात विचारीत नाही. महापुरालाही जात कळत नाही. तरी नदीकाठची झोपडी आधी वाहून जाते, टेकडीवरचा बंगला राहतो.

या नाण्याचा मूळ नियम काय, तर ज्याच्या हाती किल्ली, त्याची मालकी. किल्ली कशी आली, चोरून आली की धमकावून आली, हे ती खातेवही विचारीत नाही. एकदा नोंद झाली की ती फिरविता येत नाही. दाद मागण्यास तेथे ना अधिकारी, ना पंच, ना न्यायाधीश. याला नवयुगाचे तत्त्वज्ञान म्हणून गौरविले जाते. परंतु आपल्या गावकुसाबाहेरच्या वाडवडिलांना हा नियम चांगला परिचयाचा होता. त्याचे नाव बळी तो कान पिळी. पाटलाच्या हाती बळ होते, म्हणून जमीन पाटलाची. सावकाराच्या हाती कागद होता, म्हणून घर सावकाराचे.

या नियमातून आपण कसे सुटलो? १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी आपण ओंजळीत घेतले आणि त्यानंतर न्यायालयात दहा वर्षे झगडून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाकडून त्या हक्कावर शिक्कामोर्तब करून घेतले. खोतीच्या जाचातून कुळांना सोडविण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ मध्येच मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली संविधानाचा मसुदा तयार झाला. बाबासाहेबांचा राज्यकर्त्यांवर आंधळा विश्वास मुळीच नव्हता. तथापि राज्यकर्ता अन्यायी आहे म्हणून कायद्याविना जगू या, असे ते म्हणाले नाहीत. राज्यकर्त्यालाच कायद्याने बांधा, असे ते म्हणाले. दुर्बळाला कायदा जाचतो त्याहून कायद्याचा अभाव अधिक जाचतो, हा आपल्या इतिहासाचा धडा आहे. म्हणून बँकेत आडनाव पाहून कर्ज नाकारले जात असेल, तर त्याचा उपाय बँक सोडून पळणे हा नव्हे. नकार लेखी मागा, वरिष्ठांकडे तक्रार करा, तेथे दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही. हक्क सोडून मिळणारे स्वातंत्र्य हे आपल्यासाठी स्वातंत्र्य नव्हे.

याचे प्रत्यंतर अलीकडेच आले. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय ग्राहकांच्या मोठ्या विनिमय-केंद्रातून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली. ग्राहकांचे व्यवहार एक वर्षाहून अधिक काळ बंद राहिले आणि तोडग्यासाठी येथील माणसाला सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले. त्यातच ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने एका गुंतवणूकदार महिलेच्या अर्जावर असे म्हटले की, क्रिप्टो ही भारतीय कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता होय आणि ती विश्वस्त म्हणून धारण केली जाऊ शकते. जे थोडेफार संरक्षण मिळाले, ते नाण्याने दिले नाही, न्यायालयाने दिले. ज्या कायद्याची गरज उरणार नाही असे या नाण्याचे भक्त सांगत होते, त्याच कायद्याच्या दारी अखेर त्यांना यावे लागले.

कर घेतला म्हणजे मान्यता दिली काय?

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून अशा नाण्यांचा व्यवहार करणाऱ्यांना सेवा देण्यास बँकांना मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक प्रमाणाबाहेरचे ठरवून रद्द केले. म्हणून हे नाणे बाळगणे हा गुन्हा नाही. परंतु गुन्हा नसणे आणि सरकारने हमी घेणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

२०२२ च्या वित्त अधिनियमाने या नाण्यांना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हटले आणि त्यांच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसविला. ठरावीक मर्यादेपलीकडील व्यवहारात १ टक्का कर मुळातच कापून घेण्याचीही तरतूद झाली. या करात एक बोचरी अट आहे. खरेदीच्या किमतीखेरीज कसलीही वजावट मिळत नाही आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा करता येत नाही. समजा, एका नाण्यात १०,००० रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात १०,००० रुपये तोटा झाला. घरात एक पैसाही आला नाही. तरी ३,००० रुपये कर आणि त्यावर उपकर भरावा लागेल. हा तपशील नाणी विकणारा दलाल सहसा सांगत नाही. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने असे व्यवहार चालविणारे काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आले. हे सारे नियंत्रण होय, प्रशस्तिपत्र नव्हे. सरकार दारूवरही कर घेते, म्हणून आपण दारूला पंचशीलात जागा देत नाही. उलट आपल्या बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. तसले कोणतेही संरक्षण क्रिप्टोला नाही.

‘अमक्याचे दुप्पट झाले’

अखेरचे मत सर्वांत दुबळे, पण सर्वांत अधिक घरे बुडविणारे. गेनबिटकॉइन हे नाव महाराष्ट्राने विसरू नये. बिटकॉइन आमच्याकडे ठेवा, अठरा महिने दरमहा १० टक्के परतावा मिळेल, असे त्या योजनेत सांगितले जात असे. म्हणजे शंभराचे एकशे ऐंशी! पुढे परतावा बिटकॉइनमध्ये मिळेनासा झाला आणि योजनेच्या चालकांनी स्वतःच काढलेले, फारच कमी किमतीचे नाणे लोकांच्या हाती ठेवण्यात आले, असा आरोप आहे. २०१८ साली पुणे आणि नांदेड येथे गुन्हे दाखल झाले, प्रमुख आरोपीला अटक झाली. २०२२ मध्ये तो खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच मरण पावला. देशभरातील गुन्ह्यांचा तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आला. इतकी वर्षे लोटली, परंतु गुंतवणूकदारांची तळमळ संपलेली नाही.

अशा योजनांची रीत एकच असते. पहिल्यांना दुसऱ्यांच्या पैशातून परतावा द्यावयाचा, दुसऱ्यांना तिसऱ्यांच्या पैशातून. आणि नवी माणसे येईनाशी झाली की दुकान बंद करावयाचे. ‘अमक्याचे दुप्पट झाले’ हे बहुधा खरेच असते. तो अमका हाच त्या योजनेचा जिवंत जाहिरातफलक असतो.

वकिलीच्या व्यवसायात अशा प्रकरणांची कागदपत्रे पाहताना एक गोष्ट मनाला लागते. फसविणारा परका क्वचितच असतो. तो साडूचा मित्र असतो, एकाच कचेरीतला असतो, जयंतीच्या वर्गणीत पुढे असणारा असतो. तो ‘जय भीम’ म्हणत घरात येतो, म्हणून आपण त्याला कागद मागत नाही. बंधूंनो, ‘जय भीम’ हे आपल्या अस्मितेचे अभिवादन आहे. ती पैशाची पावती नव्हे. जो खरा आपला असेल, त्याला कागद मागितल्याचा राग येणार नाही. आणि तुम्ही स्वतः अशा साखळीत शिरून चार आप्तांना ओढले, तर त्यांच्या नुकसानीचा दोष तुमच्या माथी येतो, कित्येकदा गुन्ह्यातही तुमचे नाव येते. दुसऱ्याचे न दिलेले घेणार नाही, असे शील आपण घेतले आहे. भुलवून दिलेले घेणे हेही त्याच्या पलीकडचे नव्हे.

धम्माची कसोटी

दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाने तथागतांना विचारले होते की, आम्ही संसारी माणसे, आमचे ऐहिक हित कशात आहे? तथागतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. उद्योगाने धन मिळविणे, मिळविलेले धन राखणे, सन्मित्रांची संगत धरणे आणि मिळकत पाहून समतोल जगणे. श्रमण होऊन धन टाकून दे, असे त्यांनी त्याला सांगितले नाही. धन राखणे हे त्यांनी कर्तव्यांत घातले. सिगालाला केलेल्या उपदेशात त्यांनी जुगार हे संपत्तीच्या नाशाचे एक द्वार म्हटले आणि मिळकतीचा एक वाटा संकटकाळासाठी बाजूला ठेवण्यास सांगितले. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची जी सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्त असण्याचे सुख आहे.

या कसोटीवर क्रिप्टोचा विचार करा. ज्याचे कर्ज फिटलेले आहे, ज्याने संकटकाळाचा वाटा बँकेत वा पोस्टात बाजूला ठेवला आहे, मुलांच्या शिक्षणाची तरतूद केली आहे, त्याने पूर्ण जाणीव ठेवून, कायद्याने नोंदलेल्या केंद्रात, गेली तरी घर हलणार नाही एवढी अल्प रक्कम घातली, तर मी त्याला अधर्मी म्हणणार नाही. तो त्याचा विचार आहे. परंतु कर्ज काढून, मंगळसूत्र गहाण ठेवून, निवृत्तीची पुंजी ओतून, बचत गटाचे पैसे वळवून जो या सट्ट्यात उतरतो, तो धन राखीत नाही, धन उधळतो. आणि ते त्याच्या एकट्याचे धन नसते. त्यात पत्नीचा घास असतो, मुलांची वही असते.

आपले कर्तव्य

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. पहिले, प्रत्येक कुटुंबाने निदान सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम सुरक्षित जागी साठविल्याखेरीज या नाण्याचे नावही काढू नये. दुसरे, ठरावीक परताव्याची हमी देणारा आणि माणसे जोडण्यावर दलाली देणारा, मग तो कोणीही असो, त्याला दारातूनच परत पाठवावे. तिसरे, गुप्त किल्लीचे शब्द वा मोबाईलवर येणारा संकेतांक कोणालाही सांगू नये. चौथे, गुंतवणुकीचा निर्णय नवऱ्याने एकट्याने घेऊ नये. घरातील कर्त्या स्त्रीला विचारल्याशिवाय एक रुपयाही बाहेर जाऊ नये.

आणि फसगत झालीच, तर लाजेने गप्प बसू नका. गप्प बसणे हीच फसविणाऱ्याची खरी ठेव असते. विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा. संदेश, पावत्या, व्यवहारांचे क्रमांक जपून ठेवा, काहीही पुसून टाकू नका. नजीकच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्या. हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. ठेवी गोळा करून बुडविणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याची तरतूद महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ मध्ये आहे. तुमच्या प्रकरणाला तो लागू होतो की नाही, हे वकिलाला विचारा. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातींतील व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. आणि १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या सवलतींत समाविष्ट केले आहे. नवदीक्षित कुटुंबांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. धम्म स्वीकारल्याने हा हक्क जात नाही, आणि तो जातो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

बंधूभगिनींनो, आपल्या वाडवडिलांपाशी धन नव्हते, म्हणून धन राखण्याची विद्याही त्यांना आपणांस देता आली नाही. ती आपण आपल्या मुलांना द्यावयाची आहे. पौर्णिमेला विहारात जमाल तेव्हा वंदनेनंतर अर्धा तास या विषयासाठी काढा. बँकेचे पासबुक कसे वाचावे, करार सही करण्यापूर्वी कसा तपासावा, तक्रार कशी लिहावी, हे जाणत्यांनी इतरांस शिकवावे. शिका, या आदेशात हेही शिकणे आले. एका रात्रीत श्रीमंत होण्याचे स्वप्न दाखविणारे पुष्कळ येतील. त्यांच्यापुढे ताठ मानेने उभे राहून कागद मागणारा समाज आपणांस घडवावयाचा आहे.

जय भीम.